ड्रायव्हरचा स्लाइस: पकड बदलावी, स्विंग बदलावा की क्लबच बदलावा?

गोल्फमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबचा, फटका सरळ किंवा थोडा डावीकडे निघतो, हवेत उजवीकडे वळत जातो आणि अपेक्षेपेक्षा बराच अलीकडे, रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) जाऊन पडतो. या दोषाला स्लाइस म्हणतात. (डावखुऱ्यांनी पुढील सर्व दिशा उलट धराव्यात.) तो घालवण्याचे तीन मार्ग सुचवले जातात: हातांची पकड बदलणे, क्लब खाली येण्याचा मार्ग बदलणे आणि नवा ड्रायव्हर घेणे. माझा आठवडाभराचा सराव कोल्हापुरातील घराच्या गच्चीवर लावलेल्या जाळीत होतो आणि खरे मैदान महिन्यातून एखाद्या वेळी पुण्याला गेल्यावरच मिळते. ज्यांची परिस्थिती अशीच आहे, त्यांनी यांपैकी काय आधी निवडावे, हे मला येथे मांडायचे आहे, कारण चुकीच्या क्रमाने सुरुवात केल्यास एक संपूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो.

चेंडू का वळतो, हे आधी नीट समजून घ्यावे लागेल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये कोपऱ्यातून मारलेली किक गोलपोस्टकडे वळताना आपण पाहतो. तेथे पाय चेंडूच्या एका अंगाने घासत गेलेला असतो आणि त्यातून मिळालेली फिरकी चेंडूला हवेत वळवते. गोल्फमध्येही क्लब एका दिशेने जात असतो आणि त्याचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, दुसरीकडे पाहत असतो. ड्रायव्हरच्या फटक्यात चेंडू कोणत्या दिशेने निघणार, हे सुमारे ८० टक्के क्लबच्या चेहऱ्यावर अवलंबून असते, तर तो पुढे किती वळणार, हे चेहरा आणि क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावर ठरते. पूर्वी याच्या उलट शिकवले जाई, म्हणजे चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि चेहऱ्याच्या दिशेला वळतो असे सांगत. रडारने फटका मोजणारी यंत्रे आल्यानंतर ही समजूत मागे पडली. आघात अर्ध्या सहस्रांश सेकंदाच्या आसपास संपत असल्यामुळे त्या क्षणी मनगट फिरवून चेहरा सरळ करणे कोणालाही शक्य नसते. जे करायचे ते आघाताच्या आधीच झालेले असले पाहिजे.

स्लाइसचा फटका दुबळा का असतो, याचे उत्तरही यातच आहे. उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिलेला चेहरा जास्त लॉफ्ट (मागे झुकलेला कोन) दाखवतो, बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून शरीराकडे, येणारा क्लब चेंडूला घासत जातो, आणि जी ताकद पुढे जाण्यात लागायची तिचा काही भाग फिरकीत खर्च होतो. सात नंबरच्या आयर्नने (मध्यम अंतराच्या, धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) मारताना हाच दोष फारसा जाणवत नाही, कारण अधिक लॉफ्टमुळे मागे फिरणारी फिरकी जास्त मिळते आणि फिरकीचा अक्ष कमी कलतो. त्यामुळे “माझे आयर्न ठीक आहेत, ड्रायव्हरच बिघडला आहे” हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. स्विंग तोच असतो, ड्रायव्हर फक्त तो उघड करतो.

आता पहिला पर्याय, पकडीचा. डाव्या हाताने क्लब तळव्यात न घेता बोटांच्या मुळाशी घ्यावा. वरून पाहिल्यावर मुठीवरील दोन ते तीन उंचवटे दिसावेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधील घडी उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. ज्यांचा चेंडू फार वळतो, त्यांना बहुधा एकच उंचवटा दिसतो आणि ती घडी हनुवटीकडे किंवा तिच्याही डावीकडे असते. अशा पकडीतून आघाताच्या वेळी चेहरा सरळ येणे फार कठीण असते. येथे एक चूक सर्रास होते: माणूस क्लब धरतो आणि मग हात फिरवतो, त्यामुळे हातांबरोबर चेहराही फिरतो आणि काहीच बदलत नाही. म्हणून आधी चेहरा लक्ष्याकडे सरळ ठेवावा आणि नंतर त्यावर हात बसवावेत. तालमीत वस्ताद पट्ठ्याला डाव शिकवण्याआधी पकड आणि पवित्रा पाहतात, त्याच न्यायाने मी या पर्यायाला पहिले स्थान देतो.

या पर्यायाचा खर्च शून्य आहे आणि सराव दिवाणखान्यात बसूनही होतो, ही गोष्ट कोल्हापूरच्या पावसाळ्यात लहान नाही. तोटा असा की नवी पकड काही आठवडे अगदी परकी वाटते आणि तेवढ्या काळात खेळ बिघडल्यासारखा भासतो. अतिरेक केल्यास चेंडू कमी उंचीवरून जाऊन डावीकडे वळू लागतो, तेव्हा तिसरा उंचवटा दिसू लागला की थांबावे. नामवंत खेळाडूंच्या पकडीची नक्कलही विचारपूर्वक करावी. प्रसिद्ध अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांना सुरुवातीच्या काळात डावीकडे वळणाऱ्या फटक्याने छळले होते, आणि त्यांनी पुढे स्वीकारलेली पकड त्या दोषावरचा उपाय होती. स्लाइस मारणाऱ्याने ती उचलली तर त्याचा त्रास वाढेल.

दुसरा पर्याय क्लबच्या मार्गाचा, आणि लोक बहुधा येथूनच सुरुवात करतात, कारण व्हिडिओत दिसणारा दोष हाच असतो. खाली येताना उजवा खांदा पुढे फेकला जातो, क्लब बाहेरून आत येतो आणि चेंडू कापला जातो. मात्र पुष्कळदा ही सवय शरीराने स्वतःच्या बचावासाठी लावून घेतलेली असते. चेंडू वारंवार उजवीकडे जातो म्हणून माणूस नकळत पाय आणि खांदे डावीकडे वळवून उभा राहतो व क्लब डावीकडे ओढतो, आणि त्यामुळे वळण आणखी वाढते. अशा माणसाने चेहरा उघडाच ठेवून मार्ग तेवढा आतून बाहेर केला, तर चेंडू उजवीकडेच निघतो आणि तेथून अधिक उजवीकडे वळतो. मी स्वतः एक पूर्ण पावसाळा असा मार्ग सुधारण्यात घालवला. जाळीत चेंडूचे वळण दिसत नसल्याने सर्व काही जमत आहे असे वाटत राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये मैदानावर गेल्यावर पहिले पाच चेंडू शेजारच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) गेले. पकड सुधारल्यावर चेंडू उजवीकडे पळणे कमी झाले, आणि मग खांदा पुढे फेकण्याचे कारणच हळूहळू उरले नाही.

पकड स्थिरावल्यावर मात्र मार्गाकडे वळणे आवश्यक असते. जमिनीवर एक काठी लक्ष्याच्या रेषेला समांतर ठेवून पाय आणि खांदे तपासावेत. ड्रायव्हरसाठी चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत असावा. तो याहून पुढे गेला की खांदे आपोआप उघडतात. चेंडूच्या पलीकडे, थोडे मागे, क्लबचे कापडी आवरण ठेवून त्याला न लागता सात नंबरच्या आयर्नने अर्धे स्विंग करणे हा मला सर्वांत उपयुक्त व्यायाम वाटतो. मोबाइल मागच्या बाजूला, हातांच्या उंचीवर, लक्ष्याच्या रेषेत ठेवला तरच व्हिडिओतील मार्ग खरा दिसतो. मोकळ्या मैदानात सराव करायचा असेल, तर छिद्रांचे हलके प्लास्टिकचे चेंडू वापरावेत; खरा चेंडू मुले खेळत असलेल्या जागेच्या जवळपासही मारू नये.

या दोन्हींच्या आधी करण्याची एक छोटी तपासणी आहे. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका द्यावा, तो चेहऱ्याकडे करून फटका मारावा आणि क्लबवर डाग कोठे उमटला ते पाहावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या औद्योगिक भागात एकमेकांत गुंतलेले गिअर पाहिलेल्यांना पुढील गोष्ट लगेच कळेल: आघात मध्यापासून टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला सरकला, तर क्लबचे डोके एका दिशेने वळते आणि चेंडूला उलट दिशेची फिरकी मिळते, अगदी दोन गिअर फिरतात तशी. म्हणून पकड आणि मार्ग दोन्ही ठीक असताना केवळ टाचेवर बसणारा फटकाही उजवीकडे वळतो. ज्यांचे डाग सतत टाचेकडे उमटतात, त्यांनी चेंडूपासून किंचित लांब उभे राहून पाहावे आणि मगच पुढचा विचार करावा. ही तपासणी जाळीतही पूर्णपणे विश्वासार्ह असते.

नव्या ड्रायव्हरबद्दल थोडक्यात सांगतो. टाचेकडे वजन दिलेला किंवा चेहरा थोडा बंद करता (डावीकडे वळवता) येणारा ड्रायव्हर वळण खरोखर कमी करतो; ते केवळ जाहिरातीतले वाक्य नाही. तथापि अशा जोडणीने चेहरा साधारण दीड-दोन अंशच बदलतो, आणि ज्याचा चेहरा मार्गापेक्षा आठ-दहा अंश उघडा आहे त्याचा मूळ दोष तसाच राहतो. खरेदीच्या आधी आहे तोच ड्रायव्हर एक इंच खाली धरून पाहावा. फटका मध्यावर बसण्याचे प्रमाण सुधारते आणि त्याला पैसे पडत नाहीत. ज्यांना वय, खांद्याचे दुखणे किंवा वेळेचा अभाव यांमुळे स्विंग बदलणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मात्र मी हाच पर्याय पहिला मानेन.

प्रशिक्षकाकडे जावे की स्वतः करावे, हा प्रश्नही याच क्रमाशी जोडलेला आहे. पकड स्वतः बदलता येते, पण मार्गाच्या बाबतीत जाणवते एक आणि घडते दुसरेच. म्हणून सुमारे २३० किलोमीटरचा पुण्याचा प्रवास करून प्रशिक्षकाचा एक तास घ्यायचाच असेल, तर तो पकड अंगवळणी पडल्यावर, मार्गाच्या कामासाठी घ्यावा, आणि शक्य असल्यास फटका मोजणारे यंत्र असलेल्या ठिकाणी घ्यावा. चेहरा आणि मार्ग यांचे आकडे एकदा हाती आले की पुढचे दोन महिने गच्चीवर काय करायचे, ते स्पष्ट होते.

ज्यांचा चेंडू डावीकडे निघून दहा-पंधरा यार्डच वळतो आणि फेअरवेच्या मध्याकडे परत येतो, त्यांनी यांपैकी काहीही बदलण्याची घाई करू नये. त्या फटक्याला फेड म्हणतात आणि विख्यात अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी तो जाणीवपूर्वक आपला मुख्य फटका म्हणून वापरला होता. अशा खेळाडूने फेअरवेच्या डाव्या कडेवर नेम धरावा आणि आपला वेळ पटिंगला (चेंडू जमिनीवरून छिद्रात ढकलण्याला) द्यावा.