सिगारचे अफगाणिस्तान रिपोर्ट : फौजा ठेवायच्या की काढायच्या यावर भांडायच्या आधी हे वाचा

अमेरिका आणि नेटोने अफगाणिस्तानात थांबायला हवं होतं की नको, हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो अडीच हजार जवान ठेवले असते तर काबुल तालिबानच्या हाती पडलंच नसतं, दुसरा म्हणतो वीस वर्षं काय कमी होती का. दोघंही तावातावाने बोलतात पण तिथे नेमकं काय चाललेलं याची माहिती दोघांकडेही फारशी नसते, आणि वाईट याचंच वाटतं कारण ही माहिती फुकट मिळते, कुणालाही मिळते. म्हणून हा रिव्ह्यू.

सिगार म्हणजे स्पेशल इन्स्पेक्टर जनरल फॉर अफगाणिस्तान रिकन्स्ट्रक्शन. अमेरिकन काँग्रेसने २००८ साली कायदा करून हे ऑफिस काढलं, अफगाणिस्तानच्या उभारणीवर जो पैसा जातोय त्याचा हिशोब ठेवायला. २०१२ पासून बारा वर्षांहून जास्त काळ जॉन सोप्को याचे प्रमुख होते. दर तीन महिन्यांनी काँग्रेसला एक जाडजूड रिपोर्ट, शिवाय वेगवेगळे ऑडिट, आणि २०१४ पासून 'यातून काय शिकायचं' अशी एक स्वतंत्र मालिका. सगळं पीडीएफमध्ये, ना लॉगिन ना पैसे. आपल्याच सरकारच्या चुका आपल्याच सरकारचं एक ऑफिस इतक्या सरळ भाषेत छापत होतं, आणि तेसुद्धा युद्ध चालू असताना, हे मला तरी दुसऱ्या कुठल्या युद्धात बघायला मिळालेलं नाही.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर ऑगस्ट २०२१ चा रिपोर्ट. काबुल पडलं १५ ऑगस्टला आणि हा त्याच महिन्यात आला. पहिल्या काही पानांतच सगळा हिशोब समोर येतो: उभारणीवर १४५ अब्ज डॉलर, प्रत्यक्ष लढाईवर ८३७ अब्ज, अमेरिकेचे २,४४३ जवान गेले, मित्रदेशांचे १,१४४. आणि त्यानंतरचा आकडा, जो या वादात कुणी काढतच नाही, अफगाण सैनिक आणि पोलीस मिळून किमान ६६ हजार मेले, आणि ४८ हजारांहून जास्त सामान्य माणसं. वर रिपोर्ट स्वतःच सांगतो की हे आकडे बहुतेक कमीच आहेत. 'अफगाण लढलेच नाहीत' असं जे सर्रास बोललं जातं ना, ते बोलणाऱ्याने आधी हे पान वाचावं, मला खरंच चीड येते त्या वाक्याची.

याच रिपोर्टमधला दुसरा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. ते म्हणतात की अमेरिकेने वीस वर्षांची एक मोहीम चालवलीच नाही, एकेका वर्षाच्या वीस मोहिमा चालवल्या. माणसं वर्षभरासाठी किंवा त्याहून कमी वेळ यायची, जरा कुठे भाग कळायला लागला, कोण कुणाचा माणूस आहे, कुठल्या खोऱ्यात कुणाचं चालतं, की परत जायची आणि नवीन आलेला पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रत्येकाला आपल्या मुदतीत काहीतरी दाखवायचं असायचं आणि मग पैसा पटापट खर्च करणं हेच काम झालं. म्हणजे 'आणखी दोन वर्षं थांबू' असं जेव्हा वॉशिंग्टनमध्ये ठरायचं तेव्हा जमिनीवर त्याचा अर्थ आणखी दोन नवीन सुरुवाती एवढाच असायचा.

ऑडिट वाचताना तर डोकं सुन्न होतं. हेलमंड प्रांतातल्या कॅम्प लेदरनेक या अमेरिकन तळावर ६४ हजार चौरस फुटांचं कमांड सेंटर, खर्च ३ कोटी ४० लाख डॉलर, तिथल्याच कमांडरने आम्हाला हे नको म्हणून लेखी कळवलेलं, तरी बांधलं आणि वापरलंच नाही. अफगाण हवाई दलासाठी इटालियन बनावटीची वीस जी-२२२ विमानं घेतली, जवळपास ५० कोटी डॉलरचा प्रोग्रॅम, त्यातली सोळा शेवटी ३२ हजार डॉलरला भंगारात गेली. अफगाण सैनिकांना जंगलात लपायला चालेल असा गणवेश दिला, ज्या देशात जंगल आहे जेमतेम २.१ टक्के. ही उदाहरणं बातम्यांत खूप फिरली, पण हे वाचून नुसती हळहळ करून थांबू नका, हे रिपोर्ट याच्या पुढे खरे कामाला येतात.

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे जिल्ह्यांचा तक्ता. अफगाणिस्तानचे ४०७ जिल्हे, त्यातले किती सरकारच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली, किती तालिबानच्या, किती अधांतरी, हे दर तिमाहीला छापून यायचं. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारकडे ७२ टक्के. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५३.८. लागोपाठचे रिपोर्ट उघडून एकाखाली एक वाचत जा, मधे थोडं वरखाली होतं पण उतार स्पष्ट दिसतो, आणि लक्षात घ्या की या सगळ्या काळात फौजा तिथेच होत्या, कुठेही गेलेल्या नव्हत्या. 'फौजा होत्या तोवर सगळं ठीक होतं' या वाक्याला दुसरं काही उत्तर द्यायची गरज नाही.

आणि मग काय झालं, तर एप्रिल २०१९ च्या रिपोर्टमध्ये कळतं की नेटोच्या रेझोल्यूट सपोर्ट मिशनने, म्हणजे अफगाण सैन्याला प्रशिक्षण आणि सल्ला देणाऱ्या मोहिमेने, हे मोजणंच बंद केलं. कारण काय दिलं, तर कमांडरला निर्णय घेताना याचा फारसा उपयोग नाही. त्याआधी २०१७ मध्येच अफगाण सैन्यात किती माणसं आहेत, किती मरतायत, किती सोडून जातायत हे आकडे अफगाण सरकारच्या विनंतीवरून गोपनीय केलेले. सिगारने हे सगळं गपचूप गिळलं नाही, कुठला आकडा कुणी आणि केव्हापासून देणं बंद केलं ते रिपोर्टमध्ये नोंदवून ठेवलं.

आता माझं मत. परक्या देशात फौज ठेवायचीच असेल तर ती ठेवून काय होतंय हे ज्यांची पोरं तिथे आहेत त्यांना आणि ज्यांच्या गावात ती आहेत त्यांना, दोघांनाही उघड सांगता आलं पाहिजे. ज्या दिवशी जिल्ह्यांचा तक्ता दाखवणं बंद केलं त्या दिवशी थांबायचा हक्क संपला. मग संख्या एक लाख असो, २०११ ला अमेरिकेचे जवळपास तेवढे होते, नाहीतर अडीच हजार असो. २०१९ ला निघायची तयारी नीट, सावकाश, अफगाण सरकारला सोबत घेऊन सुरू व्हायला हवी होती, पण झालं उलटंच, फेब्रुवारी २०२० मध्ये कतारमधल्या दोह्यात फौजा काढायचा करार झाला तालिबानशी, आणि ज्यांचा देश ते अफगाण सरकार त्या टेबलावर नव्हतंच.

हे मत बनवताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मे २०२२ चा अंतरिम आणि फेब्रुवारी २०२३ चा पूर्ण रिपोर्ट, अफगाण सैन्य का कोसळलं यावरचे. थांबायला हवं होतं म्हणणाऱ्यांनीही हेच वाचावेत कारण त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा इथेच आहे. सिगार स्पष्ट म्हणतं की पडझडीचं सगळ्यात मोठं तात्कालिक कारण म्हणजे फौजा आणि कॉन्ट्रॅक्टर (खासगी कंपन्यांची कंत्राटी माणसं) काढून घ्यायचा निर्णय. २०१९ मध्ये अमेरिकेने ७,४२३ हवाई हल्ले केले, २०२० मध्ये १,६३१, आणि त्यातले जवळपास निम्मे दोह्याचा करार व्हायच्या आधीच्या दोन महिन्यांतले. चौकीवरच्या सैनिकाने मदत मागितली की विमान येतं ही वर्षानुवर्षांची सवय, आणि एक दिवस विमान यायचं बंद होतं.

पण पुढे वाचत गेलं की कळतं हे असं का झालं. अफगाण मेकॅनिक रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरची बरीचशी देखभाल स्वतः करू शकत होते, हातात बसलेली मशीन होती ती. त्यांच्या जागी अमेरिकन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर द्यायचं ठरलं, ज्याची देखभाल जवळजवळ पूर्ण कॉन्ट्रॅक्टरच्या हातात. मग कॉन्ट्रॅक्टर गेले की हेलिकॉप्टर जमिनीवर, हेलिकॉप्टर जमिनीवर की दूरच्या चौकीला ना दारूगोळा ना जेवण ना जखमींना बाहेर काढायची सोय, आणि अशा चौकीतल्या पोराने तालिबानशी बोलून शस्त्र खाली ठेवलं तर त्याला भेकड कोण म्हणणार. त्यात भर कागदावरच्या जवानांची, म्हणजे यादीत नाव आहे, पगार निघतोय, माणूस नाहीच, पगार वरच्याच्या खिशात. हे सैन्य आपल्या पायावर उभं राहील असं बांधलंच गेलं नव्हतं, आणि अशा सैन्यासोबत आणखी दहा वर्षं थांबलं असतं तर ते दहा वर्षं जास्त अवलंबून झालं असतं एवढंच.

एका गोष्टीवर मात्र माझ्याकडे झटपट उत्तर नाही, मुलींचं शिक्षण. फेब्रुवारी २०२१ चा महिलांवरचा रिपोर्ट जरूर वाचा. शाळेत नाव असलेल्या सुमारे ९० लाख मुलांमध्ये ३५ लाखांपर्यंत मुली, हे या वीस वर्षांत घडलं आणि फौजांच्या छत्राखाली घडलं. मार्च २०२२ मध्ये मोठ्या मुली दप्तर घेऊन शाळेत पोचल्या आणि त्याच दिवशी तालिबानने त्यांना घरी परत पाठवलं, डिसेंबरमध्ये मुलींसाठी विद्यापीठंही बंद. माघार बरोबर म्हणणाऱ्याने ही किंमत तोंडाने बोलून दाखवली पाहिजे. मी माघार बरोबर म्हणतो, आणि ही किंमत भयंकर आहे हेही म्हणतो. पण त्याच रिपोर्टमध्ये हेही आहे की शहरातल्या बाईची गोष्ट वेगळी आणि खेड्यातल्या बाईची वेगळी, ज्या भागात रोज लढाई चाललेली तिथपर्यंत शाळा पोचलीच नव्हती. तिच्यासाठी युद्ध थांबणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

आता कमतरता. पहिली, सिगारचं काम फक्त अमेरिकेच्या उभारणीच्या पैशाचं, युद्ध करावं की नको हे बोलायचा अधिकारच नव्हता त्यांना, त्यामुळे रात्रीच्या धाडी, हवाई हल्ल्यात मेलेली कुटुंबं, ज्यामुळे गावंच्या गावं विरोधात गेली, हा भाग हवा तेवढा येत नाही. दुसरी, बाकीचे देश जवळपास गायब. ब्रिटनचे ४५७ जवान गेले, कॅनडाचे १५८. नेदरलँड्समध्ये तर फेब्रुवारी २०१० ला अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतातली मोहीम वाढवायची की नाही यावरून सरकारच पडलं आणि ऑगस्टमध्ये डच मोहीम संपली, एका लोकशाही देशाने हा प्रश्न कसा सोडवला याचं इतकं चांगलं उदाहरण, पण त्यासाठी तुम्हाला दुसरीकडेच वाचावं लागेल. तिसरी, भाषा. लघुरूपांचा नुसता पाऊस, प्रत्येक पानावर पाच-सहा, शेवटची यादी दुसऱ्या टॅबमध्ये उघडी ठेवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. तिमाही रिपोर्ट दोनशे पानांच्या आसपास असतात आणि मोबाईलवर तक्ते नीट दिसत नाहीत, मोठ्या स्क्रीनवरच वाचा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो सामान्य अफगाण माणसाचा आवाज कमी पडतो म्हणून. वेळ कमी असेल तर फेब्रुवारी २०२३ चा आधी घ्या, ब्लॅक हॉकचा भाग सोडू नका, मग एप्रिल २०१९ च्या तिमाही रिपोर्टमधलं सुरक्षेचं प्रकरण. आणि वाचाल ते डाउनलोड करून ठेवा, हे ऑफिस कायमचं नव्हतं, मुदतीपुरतंच काढलेलं.