एमजीबी: एकदा तिशीत, एकदा साठीच्या तोंडावर (आणि मधे एक माझदा)

आधीच सांगतो, एमजी म्हणजे तुमच्याकडची हेक्टर नाही. नाव तेच, मूळ पण तेच, ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस, पण मी म्हणतोय ती एमजीबी, १९६२ ते १९८० ॲबिंग्डनच्या फॅक्टरीत बनलेली दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार. सगळ्या मिळून पाच लाखांच्या वर बनल्या त्यामुळे इथे इंग्लंडात आजही दर रविवारी एखादी दिसतेच, म्हणजे फार दुर्मिळ बिर्मिळ काही नाही. मी मूळचा सांगलीकडचा, १९९७ ला वायटूकेच्या (२००० सालासाठी कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या) कामाला इकडे आलो आणि कॉव्हेंट्रीच्या आसपासच राहिलो. आतापर्यंत तीन जुन्या स्पोर्ट्स कार झाल्या, एकतिसाव्या वर्षी एक, एक्केचाळिसाव्या वर्षी एक आणि पंचावन्नाव्या वर्षी घेतलेली जी आत्ता दारात उभी आहे ती. बरेच जण विचारतात की रिटायर झाल्यावर घ्यावी का, म्हणून हा रिव्ह्यू.

पहिली, १९७८ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, शेंदरी रंगाची. बावीसशे पौंड, ते पण हप्त्याने मित्राला फेडले. ही रबर बंपरवाली. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या शेवटी एमजीबीला क्रोमच्या जागी ते जाडजूड काळे बंपर लावले आणि गाडी दीडेक इंच वर उचलली, त्यामुळे शौकीन लोक नाकं मुरडतात आणि त्यामुळेच ती मला परवडली. १७९८ सीसी, वर दोन एसयू कार्बोरेटर. गिअरच्या मुठीवर छोटा सरकता स्विच, तो सरकवला की ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वरचा जादा गिअर, पडतो आणि मोटरवेवर इंजिन एकदम श्वास सोडल्यासारखं शांत होतं. ह्या एका स्विचसाठी मी उगाचच एम सिक्सवर चकरा मारायचो. स्पीड म्हणाल तर काही नाही हो, साठ मैलाला जायला बारा-तेरा सेकंद, आजची कुठलीही साधी हॅचबॅक सिग्नलवरून पुढे काढेल. पण बूड रस्त्यापासून वीतभर वर, डोक्यावर हूड नाही, चाळीसला पण सत्तर वाटतात. एकतिसाव्या वर्षी तेवढं पुरतं.

बंद किती वेळा पडली ते मोजलं नाही. मागे पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप असतो, चावी फिरवली की टकटकटकटक वाजतो आणि मग हळूहळू थांबतो, म्हणजे कार्बोरेटर भरले. टकटक आलीच नाही तर उतरायचं आणि पंपाला पान्याने हलकेच ठोकायचं, चिकटलेले पॉइंट सुटतात. पावसात, टायमध्ये, ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळे बघत असताना हे केलेलं आहे. तेव्हा मजा वाटायची, सोमवारी सांगायला काहीतरी असायचं.

जे मजेचं नव्हतं ते म्हणजे पत्रा. ह्या गाडीला खाली चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, आणि तो भार मुख्यतः दाराखालच्या सिलवर. सिल म्हणजे एक पत्रा नाही, आतबाहेर मिळून तीन-चार पत्र्यांची पेटी. ती आतून सडते आणि बाहेरून रंग चकचकीत. मी बर्मिंगहॅमकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही सिल नवीन करून घेतली, नाव घेत नाही, आता ते दुकान पण नसेल. पुढच्या वर्षी एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीला, टेस्टरने खाली स्क्रूड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत. नवीन पत्रा फक्त बाहेरून दिसणाऱ्या भागाला, बाकी सगळी लांबी (पुट्टी) भरलेली आणि वर काळा रंग फासलेला. सहाशे चाळीस पौंड परत गेले, आणि तेव्हा ते माझं दीड महिन्याचं भाडं होतं.

पण ह्या गाडीला मी शिव्या देऊ शकत नाही त्याचं कारण अण्णा. आमचे वडील झेडपीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी पांढऱ्या अँबेसिडरवर गेली. १९९९ च्या उन्हाळ्यात ते आणि आई पहिल्यांदा इकडे आले. मला वाटलेलं की म्हणतील एवढ्या लांब येऊन भंगार घेतलंस. तर मी चोक ओढून गाडी चालू केली, अण्णा मागे हात बांधून उभे, बोनेटकडे बघितलं आणि म्हणाले, "आरं, ह्यो आवाज वळकीचा हाय की."

आणि खरंच होता. अँबेसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मुंबईची नव्हे) बी सिरीज, आणि एमजीबीचं १७९८ सीसी हे त्याच घराण्यातलं मोठं भावंड. हे मला मॅन्युअल वाचून दोन महिन्यांनी कळलं, अण्णांना अर्ध्या मिनिटात. वर म्हणाले टॅपेट वाजतायत (म्हणजे व्हॉल्व्हची फट वाढलीय), फट मोजायचं गेज आण. मी म्हटलं अण्णा सुट्टीवर आलाय तुम्ही. "मग हितं बसून काय करू, तुमचा तो टीव्ही बगू?"

पुढचा दीड तास असा. इंजिन थंड होऊ दिलं, प्लग काढले म्हणजे इंजिन हलकं फिरतं, वरचं झाकण काढलं, गाडी चौथ्या गिअरला टाकली आणि मला मागून ढकलायला लावलं. जरा ढकललं की "बास". आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा, सातवा दाबला की दुसरा, म्हणजे दोघांची बेरीज कायम नऊ. सहाला तीन, पाचाला चार. हे मला इंजिनिअरिंग कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. गेजची पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी फटीत घालून "लोण्यात सुरी जाते तशी जायला पायजे, पन सुरीला लोनी लागल्यागत" असं म्हणून माझा हात धरून ते घासणं दाखवलं. शेजारचे आजोबा, पस्तीस वर्षं इथल्याच एका कार फॅक्टरीत काढलेले, कुंपणावरून बघत होते ते गेट उघडून आतच आले. त्यांना मराठी नाही, अण्णांना इंग्रजी नाही. अण्णांनी पट्टी दाखवली, आजोबा म्हणाले "फिफ्टीन थाऊ", अण्णा म्हणाले "फिप्टीन थाऊ", संपलं, दोघं एकदम खुश. मी मागे उभा घामाघूम, पुढचा "बास" कधी येतो ह्याची वाट बघत. मॅन्युअलमध्ये नंतर बघितलं, थंड इंजिनला ०.०१५ इंचच लिहिलेलं आहे.

ती २००३ ला विकली. मुलगी झाली, रोडस्टरला मागची सीट नाही आणि कार सीट पुढे लावून हूड नसलेल्या गाडीत बाळ न्यायचं हे बायकोसमोर बोलायची पण सोय नव्हती. किमतीत तोटा झाला, सांगत नाही किती.

मधली माझदा पटकन उरकतो. २००८ ते २०१६, माझदा एमएक्स फाइव्ह, म्हणजे जपानमधून आलेली युनोस रोडस्टर, वर येणारे हेडलाइटवाली पहिली पिढी. ही गाडी १९८९ ला आली तीच मुळात जुन्या इंग्लिश रोडस्टरची मजा, पण गळती आणि रुसवे वजा करून. आठ वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सांगायला माझ्याकडे फार काही नाहीये. गिअर लिव्हर मात्र असा की कारण नसताना बदलत बसावंसं वाटतं. चाळिशीत वेळ नसतो हो. रविवारी सकाळी सहा ते साडेसात, मग पोहण्याचा क्लास. अशा माणसाने दीड तासातला एक तास बोनेटखाली घालवायचा नसतो, चावी फिरवली की गाडी निघाली पाहिजे. म्हणून चाळिशीवाल्यांनी ही घ्या, तिला पण आता क्लासिक म्हणतातच. सिल हिची पण सडतात, मागच्या चाकाजवळ, तेवढं बघा.

आता सध्याची. १९७२ ची एमजीबी जीटी, क्रोम बंपर, पांढरी. जीटी म्हणजे छपराची, मागे वर उघडणारा दरवाजा. १९६५ ला आली, तिच्या छपराच्या डिझाइनमध्ये इटलीच्या पिनिनफरीनाचा हात आहे आणि ते दिसतं, बाजूने बघा नुसतं. मी आणली त्या दिवशी बायको खिडकीतून म्हणाली, "हे काय, झेडपीची गाडी आणलीस?" रंगाचा हा विचार मी खरंच केला नव्हता. म्हणजे केला नव्हता असं मी म्हणतो.

पंचावन्नाव्या वर्षी फायदे भरपूर. पैसे होते म्हणून दुसऱ्याने मेहनतीने, फोटो काढत काढत रिस्टोर केलेली घेतली, सिलच्या प्रत्येक पत्र्याचा फोटो फाइलमध्ये आहे. रोड टॅक्स शून्य, चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे माफ असतो. एमओटीची पण सक्ती नाही पण मी दरवर्षी करतो, स्क्रूड्रायव्हर विसरलेलो नाही. इन्शुरन्स वर्षाला तीन हजार मैलांच्या अटीवर, स्वस्त. पार्ट म्हणाल तर एवढ्या जुन्या गाडीचं एवढं सगळं मिळतं ह्याचं मलाच आश्चर्य वाटतं, अख्खी नवी कोरी बॉडी सुद्धा मूळच्या साच्यांवर बनवून देतात, १९८८ पासून. पेट्रोलला जरा जास्त मोजावे लागतात कारण २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, जुने रबरी पाइप खातं ते, म्हणून सुपर भरतो. पंप इलेक्ट्रॉनिकवाला बसवलाय. टकटक आहे, ठोकणं नाही.

आणि तोटे, जे कुठल्याच जाहिरातीत नसतात. ह्या गाडीत बसणं म्हणजे आडात उतरणं. आधी बूड, मग डोकं, मग डावा पाय, आणि शेवटी उजवा गुडघा हाताने उचलून आत. उतरताना छपराची कड धरून एक झोका घ्यायचा, तो चुकला तर परत पहिल्यापासून. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका पोराने मला विचारलं, मदत करू का अंकल? स्टिअरिंगला पॉवर नाही, चालत्या गाडीत मस्त, पण पार्किंगमध्ये उभ्या उभ्या चाक वळवायचं म्हणजे उसाचा चरक. बॅटऱ्या सहा-सहा व्होल्टच्या दोन, पुढच्या सीटच्या मागे खाली फळीखाली, पाणी बघायचं तर ओणवं व्हावं लागतं आणि माझं ओणवं होणं आता आधी ठरवून होतं. ग्रीसिंग दर तीन हजार मैलाला, म्हणजे वर्षातून एकदा. किंगपिनला, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला, दोन्ही बाजूंना, जमिनीवर आडवं पडून. ते मी गॅरेजला देतो आणि मला त्याची लाज वाटते.

टॅपेट मात्र अजून घरीच. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. ढकलायला मुलगी येते, बावीस वर्षांची आहे, ती तिसऱ्या ढकलण्याला म्हणाली बाबा चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं तर नाही का चालणार. चालतं. तसंच करतो आता.

तर मार्क. रोडस्टरला पाचपैकी तीन, माझदाला साडेचार, जीटीला चार. पण तिघींतली एकच परत घ्यायची तर मी ती सडक्या सिलची शेंदरीच घेईन, आणि एकतिसाव्या वर्षीच. लोक म्हणतात रिटायर झाल्यावर घेऊ, पैसा आणि वेळ दोन्ही असेल. बरोबर आहे, असतो. पण गाडी शिकायला रस्त्यावर झोपता यावं लागतं, आणि ती चुकीची घेतली तर परत कमवायला वर्षं हातात असावी लागतात. आणि ज्याला विचारायचं तो माणूस जिवंत असावा लागतो.

घेणाऱ्यांनी लोहचुंबक न्या आणि सिलवर फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे लांबी आहे. इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा पन्नासच्या वर राहतो का बघा. ओव्हरड्राइव्ह विकणाऱ्याच्या शब्दावर नको, स्वतः टाकून बघा. थोडं ऑइल गळणारच, पुठ्ठा ठेवा खाली.

आणि हो, पाने इंचाचे लागतात, आपले दहा-बारा-तेरा इथे बसत नाहीत, जबरदस्ती केलीत तर बोल्टाची डोकी गोल होतील. माझ्याकडे माझदाच्या वेळचा मिलिमीटरचा अख्खा सेट पडून आहे, तेराचा एक नाही फक्त. कॉव्हेंट्रीच्या आसपास कोणाला हवा असेल तर घेऊन जा.