अंदमानच्या पॅकेजमध्ये आमची फसवणूक झाली, दिवाळीत जाणाऱ्यांनी पैसे पाठवण्याआधी वाचा

दिवाळीच्या सुट्टीसाठी बरेच जण आत्ता अंदमानची पॅकेजेस बघत असतील म्हणून मुद्दाम लिहितेय. आमच्या बाबतीत जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या, खास करून म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये.

बाबांना सेल्युलर जेल बघायची होती, म्हणजे खरं तर सावरकरांची कोठडी. त्यांच्या वयाच्या कितीतरी मराठी माणसांसाठी अंदमान म्हणजे बीच वगैरे नाहीच, ती कोठडीच, आणि हे त्या एजंटला पक्कं ठाऊक होतं. फोनवर गोड मराठी, काका-काकू केल्याशिवाय एक वाक्य नाही, सावरकर जेलमध्ये होते ती १९११ ते १९२१ ची वर्षं सगळी तोंडपाठ. आधी थोडा ॲडव्हान्स घेतला आणि निघायच्या आठवड्यात उरलेली सगळी रक्कम यूपीआयवर, तीही कुणाच्यातरी पर्सनल नावावर, कारण काय तर कंपनीच्या अकाउंटचं लिमिट संपलंय.

पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम झालंय, पण गाडीवाले, हॉटेलवाले सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात) काहीच अडचण आली नाही. गाडी वेळेवर, हॉटेल स्वच्छ, जेल शांतपणे बघून झाली, सगळ्यात वरच्या मजल्याच्या टोकाला असलेल्या त्या कोठडीत बाबा कितीतरी वेळ उभे होते, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो पण झाला. आता वाटतं हे सगळं ठरवूनच असतं. जिथे त्यांचा खर्च कमी तिथे सगळं चोख, म्हणजे तुमचा विश्वास बसतो. खरा पैसा बोटींमध्ये आहे आणि तिथेच हात मारला.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेट, तिथून नील बेट आणि नीलहून परत, असे बोटीचे तीन टप्पे असतात. सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, तिकीट काही शे रुपयांत मिळतं, वेळ जरा जास्त लागतो. खासगी एसी क्रूझ हॅडोच्या धक्क्यावरून जातात, दीडएक तासात पोचवतात, पण प्रत्येक टप्प्याला माणशी हजाराच्या वर घेतात. आमच्याकडून तिन्ही टप्प्यांचे खासगी क्रूझचे, तेही वरच्या क्लासचे पैसे घेतले होते. सकाळी ड्रायव्हरने गाडी नेली थेट फिनिक्स बेला आणि एका मुलाने हातात सरकारी बोटीची तिकिटं ठेवली. का, तर क्रूझ टेक्निकल कारणाने कॅन्सल! सरकारी बोट वाईट असते असं अजिबात नाही, तिथली माणसं रोज त्यानेच जातात, आम्हीही नीट पोचलो. पण तिकिटातला फरक गेला कुठे? फोन केला तर म्हणे "काका, ॲडजस्ट करतो ना शेवटी".

हॅवलॉकला एलिफंट बीचची ट्रिप पॅकेजमध्ये होती, ती समुद्र खवळलाय म्हणून रद्द केली असं सांगितलं. आम्ही जेट्टीपाशी उभं राहून बघतोय तर दुसऱ्या ग्रुपच्या लोकांना लाइफ जॅकेट घालून बोटी एकामागून एक सुटतायत. राधानगर बीचचा सनसेटही असाच गेला. तिकडे हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, आपल्यासारखं साडेसहाचं गणित चालत नाही, आणि याने गाडी पाठवली पाचला.

पण सगळ्यात वाईट झालं ते नीलला. दुसऱ्या दिवशी सकाळची आमची फ्लाइट होती आणि परतीच्या क्रूझचं कागदावरचं व्हाउचर हातात होतं, रंगीत प्रिंट, वर जहाजाचं चित्र, हिरव्या अक्षरात 'कन्फर्म्ड'. जेट्टीवर क्रूझच्या माणसाने यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली, आमचं एकाचंही नाव नाही. मग त्याने व्हाउचरवर बोट ठेवून हिंदीत विचारलं, यावर पीएनआर कुठाय, सीट नंबर कुठाय? खरंच नव्हता. नुसता एजंटचा स्वतःचा बुकिंग नंबर, ज्याला तिथे काही अर्थ नाही. क्रूझ फुल होती. एजंटचा फोन आधी बिझी, मग स्विच ऑफ. आईला बीपीचा त्रास, ऊन मी म्हणतंय, बाबा बॅगांवर बसलेले आणि तोंडातून शब्द नाही त्यांच्या. शेवटी तिथल्याच एका बंगाली दुकानदाराने आम्हाला सरकारी बोटीच्या काउंटरवर नेलं, सगळ्यांची आधारकार्डं घेऊन रांगेत उभा राहिला आणि कुणाची तरी रद्द झालेली तिकिटं आम्हाला मिळाली. ती मिळाली नसती तर फ्लाइटचे पैसेही गेले असते.

आल्यावर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करून तक्रार केली, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर पण नोंदवली, बँकेला लेखी दिलं. पैसे अजून आलेले नाहीत. एजंट एकदाच बोलला आणि म्हणाला तुम्ही फिरून तर आलात ना.

म्हणून कृपा करून एवढं करा, व्हाउचर म्हणजे तिकीट नव्हे. बोट कंपनीचं स्वतःचं तिकीट मागा ज्यावर प्रत्येकाचं नाव, पीएनआर, तारीख, वेळ आहे, आणि तो पीएनआर घेऊन थेट बोट कंपनीला फोन करून विचारा की ही नावं तुमच्याकडे आहेत का. तीनही टप्प्यांचं, नुसतं पहिल्याचं नाही. किंवा सरळ स्वतःच ऑनलाइन काढा, जमतं, मी आता माझ्या नणंदेचं काढून दिलं. अजून एक, बोट खरंच हवामानामुळे रद्द झाली तर रिफंड ज्याने बुकिंग केलंय त्याच्या खात्यात जातो, म्हणजे एजंटच्या, तुम्हाला तो सांगेल ते ऐकायचं. आणि ही सगळी चौकशी घरी असतानाच उरकून घ्या, हॅवलॉक-नीलला नेटवर्क कधी असतं कधी नसतं, तिथे जेट्टीवर उभं राहून काही करता येत नाही.

जहाजाचं चित्र आणि हिरवं 'कन्फर्म्ड' असलेलं असलंच व्हाउचर आणखी कुणाला मिळालं असेल तर मला मेसेज करा. माझ्याकडे चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट, व्हाउचर सगळं जपून ठेवलंय, चार-पाच जण असलो तर ग्राहक मंचात एकत्र जाऊ.