ऑपरेशन एक नंबर, गोळीचा घोळ मात्र डोक्याला ताप

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं त्याला आता महिना झाला म्हणून लिहितोय. बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी (अपिक्सबॅन) कायमची चालू, आणि प्रोस्टेट म्हणजे मुळातच रक्ताळ जागा, त्यामुळे आम्ही जाम टरकलो होतो. सर्जननी नेहमीच्या टीयूआरपीऐवजी (म्हणजे दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढतात ते ऑपरेशन) होल्मियम लेसर सुचवलं, म्हणाले गाठ आतून सोलून काढतो आणि लेसर जाता जाताच रक्तवाहिन्या बंद करत जातो, अशा पेशंटला हेच बरं. ते पटलं आणि तसंच झालं, रक्त चढवायची वेळच आली नाही. तीन तोंडांचा कॅथेटर (लघवीची नळी), एकीकडून सलाईन आत, दुसरीकडून पिशवीत बाहेर, पिशवीतला रंग संध्याकाळी लाल होता तो सकाळपर्यंत फिकट गुलाबी. दुसऱ्या दिवशी नळी काढली, बाबा स्वतः जाऊन आले आणि बाहेर येऊन म्हणाले "धार बघ म्हणावं" 😄

आता घोळ. अ‍ॅडमिशनच्या आधी डेस्कवरून फोन, गोळी सात दिवस बंद ठेवा. नशीब हार्टवाल्या डॉक्टरांना विचारलं, ते चिडलेच, सात दिवस कशाला, ही गोळी किडनी ठीक असेल तर दोन-तीन दिवसांत अंगातून जाते, उगाच जास्त दिवस बंद ठेवली आणि हृदयात गुठळी होऊन मेंदूत गेली तर? डेस्कवाल्यांनी सगळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना एकच छापील नियम लावला होता, दुसरं काय.

डिस्चार्ज कार्डावर तर कहरच, "आधीची औषधे चालू ठेवावीत". मग ही पण आजपासूनच चालू करायची का? मीच परत वर जाऊन विचारलं तेव्हा सर्जन म्हणाले नाही नाही, लघवी साफ राहिली तर परवापासून, आणि पेनाने तारीख लिहून दिली. न विचारता घरी गेलो असतो तर?

अकराव्या दिवशी रात्री संडासला जोर लावला आणि लघवी परत लाल. फोनवर ड्युटी डॉक्टर शांतपणे म्हणाले आतली खपली पडते तेव्हा असं होतं, काकांना पाणी भरपूर द्या, गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र लगेच आणा. सकाळी साफ झालं पण रात्रभर आम्ही जागे. ही एक ओळ कार्डावर छापायला काय जातं यांचं? ऑपरेशनला पाच स्टार, कागदपत्रांना एक, तोही पेनाने लिहिलेल्या त्या तारखेचा.