दाट वस्तीचे मोठे छायाचित्र: धरमपेठेतील एका प्रिंटिंग स्टुडिओचा अनुभव

नागपुरातील इतवारी या जुन्या वस्तीतल्या घरांच्या दाटीचे, एका उंच गच्चीवरून टिपलेले छायाचित्र मी त्याच शहरातील धरमपेठेतील एका छोट्या प्रिंटिंग स्टुडिओतून ३६ बाय २४ इंच आकारात छापून घेतले. मोबाइलवर हे छायाचित्र म्हणजे निव्वळ पसारा दिसतो. मोठ्या कागदावर मात्र त्याच्यासमोर निवांत बसून राहावेसे वाटते, आणि याचे बरेचसे श्रेय छपाईचे आहे.

१९९४ पासून हाँगकाँगमध्ये राहिलेले छायाचित्रकार मायकेल वुल्फ यांनी तेथील टोलेजंग इमारती टिपताना चौकटीतून आकाशही वगळले आणि जमीनही, त्यामुळे इमारत कुठे संपते याचा पत्ता लागत नाही आणि नजरेसमोर उरते ती केवळ खिडक्यांची लय. इतवारीत तशी उंची नाही, म्हणून मी लांबून टेलिफोटो भिंगाने मागच्या-पुढच्या भिंती एकमेकींना भिडवल्या आणि आकाश कापून टाकले. आता प्रिंटमध्ये खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला कुलर, त्याच्या ताटीतून पाझरलेल्या पाण्याने भिंतीवर उमटलेला पांढुरका ओघळ, खालच्या मजल्यावर तसाच दुसरा कुलर आणि तसाच दुसरा ओघळ, असे सारे स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात आपल्याला या कुलरांची फक्त घरघर ठाऊक असते; त्यांची अशी ओळ लागलेली असते, हे रस्त्यावरून चालताना कधी जाणवत नाही.

स्टुडिओतील कारागिराने फाइल पाहताच कललेल्या उभ्या रेषा आधी सरळ करून घेण्यास सांगितले. सल्ला मोलाचा होता, कारण अशा चित्रात एकच भिंत जरी तिरकी राहिली तरी नजर तिथेच अडखळते. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे रुंदीत सुमारे ६००० पिक्सेल; ३६ इंचांवर ते इंचाला १६६ च्या आसपास भरतात. बारीक छपाईसाठी प्रचलित असलेला इंचाला ३०० पिक्सेलचा आकडा गाठता येणार नाही, हे त्याने न विचारता सांगितले आणि उगाच शार्पनेस वाढवला नाही. चार फुटांवरून काही फरक कळत नाही. अगदी जवळ गेल्यास विजेच्या तारा किंचित दातेरी दिसतात, एवढेच. चकचकीत कागदाऐवजी मॅट निवडल्यामुळे ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडत नाही. पाण्याच्या टाक्यांचा काळा रंग थोडा फिका उतरला आहे, पण मॅट कागदावर तेवढे चालायचेच. सर्वांत गडद भागाची छोटी पट्टी आधी छापून दाखवण्याची पद्धत तर मला फारच आवडली.

दर चढे आहेत आणि काम सांगितलेल्या दिवशी मिळाले नाही. फ्रेमही तिथेच करून घेतली, ती मात्र सुमार निघाली: साध्या काचेमुळे समोरच्या खिडकीचा उजेड थेट इतवारीच्या छपरांवर पडतो. छपाई तिथे अवश्य करावी, फ्रेम दुसरीकडे करावी आणि शक्य असल्यास काच लावूच नये.