सातारा जिल्ह्यातील घराण्याचा शोध: ऑनलाइन अभिलेख आणि वाचनालयाचा संदर्भ विभाग, काही महिन्यांच्या वापरानंतर

आपली वंशावळ पणजोबांच्या पलीकडे नेण्याची इच्छा असलेल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांसाठी हा अनुभव लिहीत आहे. गेले काही महिने मी शासनाच्या संकेतस्थळांवरील जुने महसुली अभिलेख, वंशावळीसाठीची दोन परदेशी संकेतस्थळे आणि साताऱ्यातील एका जुन्या वाचनालयाचा संदर्भ विभाग ही साधने नियमितपणे वापरली. आमचे मूळ गाव कोरेगाव तालुक्यात आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: आपल्याकडचा शोध आडनावावरून पुढे सरकत नाही, तो गावावरून आणि गावातल्या जमिनीवरून सरकतो. जुन्या कागदांत माणूस ‘अमुक बिन तमुक’ असा, म्हणजे स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने येतो. आडनाव कधी असते, कधी त्या जागी ‘पाटील’ किंवा ‘चौगुला’ असे वतनाचे नाव असते, कधी काहीच नसते. त्यामुळे ज्या संकेतस्थळाचा पहिला प्रश्न आडनावाचा असतो, तेथे आपला बहुतेक वेळ व्यर्थ जातो.

सर्वांत उपयोगी ठरला तो फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांची नोंद ठेवणारा गाव नमुना सहा. आजचा सातबारा महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीची प्रत 15 रुपयांत मिळते, परंतु वंशावळीच्या दृष्टीने सातबाऱ्याचे महत्त्व त्यावर लिहिलेल्या फेरफार क्रमांकांपुरते आहे. ते क्रमांक टिपून घ्यावेत आणि ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर गाव निवडून त्या फेरफारांच्या जुन्या पानांच्या प्रतिमा काढाव्यात. वारसाच्या फेरफारात कोणता खातेदार केव्हा मयत झाला, वर्दी कोणी दिली, वारस कोण आणि त्यांचे मयताशी नाते काय, हे सारे एका पानावर मिळते. एका फेरफारातून दोन पिढ्या जोडल्या जातात, आणि त्या खातेदाराच्या नावावर जमीन आली तो आधीचा फेरफार काढला की आणखी एक पिढी मागे जाता येते. पश्चिम महाराष्ट्रात हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुरू झाली, त्यामुळे ही साखळी साधारणपणे तिथवर अखंड नेता येते.

फेरफारांमध्ये घरातल्या स्त्रिया भेटतात, हे मला विशेष मोलाचे वाटते. पुरुषांची नावे घरात कोणाला तरी आठवत असतात. पणजीचे नाव मात्र बहुतेक घरांत हरवलेले असते. पती वारल्यावर मुले लहान असतील तर विधवेचे नाव पतीच्या नावासह ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दाने जोडून येते, आणि अज्ञान मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून तिचीच नोंद असते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या फेरफारांत लग्न होऊन गेलेल्या मुलीही वारस म्हणून दिसू लागतात. त्यांच्या सासरच्या आडनावांवरून आमच्या घराण्याच्या विस्मरणात गेलेल्या शाखा पुन्हा जोडता आल्या. ‘ए.कु.मॅ.’ हे अक्षरसंक्षेप एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचे आहेत. ते ज्या नावापुढे असतील त्याचे भाऊ त्या उताऱ्यावर नसले तरी कुटुंबात असतातच, म्हणून ते नाव एकट्याचे समजू नये.

या वाटेवर एक अडथळा जवळजवळ प्रत्येकाला येतो. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव योजना राबवली गेली आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आजच्या गट नंबराने 1930 च्या सुमाराचा कागद शोधला तर भलत्याच माणसाची जमीन समोर येते, आणि गावात एकाच नावाचे दोन खातेदार असतील तर ते लक्षातही येत नाही. यावर उपाय म्हणजे एकत्रीकरणाचे नऊ-तीन व नऊ-चारचे उतारे पाहणे. त्यांतून जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ लागतो. काही गावांचे हे उतारे ऑनलाइन नाहीत, तेव्हा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज करावा लागतो. एका कार्यालयात माझा अर्ज बराच काळ पडून राहिला. नंतर मी अर्जावरच गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि हव्या असलेल्या पत्रकाचे नेमके नाव लिहू लागलो, तेव्हापासून नकला लवकर मिळू लागल्या. ‘जुनी सर्व कागदपत्रे मिळावीत’ असा अर्ज कोणीही करू नये.

दुसरे मोठे साधन गाव नमुना चौदा, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी हे जुने कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर काढले गेले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रतिमा तालुका व गावानुसार ठेवल्या गेल्या. शोध ज्या कारणासाठी झाला असेल, वंशावळ लिहिणाऱ्या कोणत्याही जातीच्या माणसाला त्या पानांचा उपयोग आहे, कारण एका पानावर गावातल्या अनेक घरांच्या नोंदी असतात. मात्र कुणबी नोंद ज्या पानांवर सापडली तीच पाने तेथे आहेत. संपूर्ण पुस्तक पाहायचे तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जावे लागते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, केवळ बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते, त्यामुळे कोणत्या भावंडाची ती नोंद आहे हे शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेशी ताडून ठरवावे लागते. मृत्यूच्या नोंदींत कारणाचा रकाना असतो: ताप, पटकी, देवी. आमच्या गावाची 1918 च्या शरद ऋतूतील पाने ‘ताप’ या एकाच शब्दाने भरलेली आहेत. तो इन्फ्लुएंझाच्या साथीचा काळ होता. आमच्या घरातली तीन नावे त्याच काही आठवड्यांत येतात, आणि आजोबांना त्यांच्या मामांनी का वाढवले याचे उत्तर मला तिथे मिळाले. घरात याविषयी कोणी कधी बोलले नव्हते.

हे कागद वाचायचे तर मोडी आलीच पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील जवळजवळ सारे आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बरेचसे गावकागद मोडीत आहेत. आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिलेली, शब्द सुटे न केलेले आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेला हा मजकूर पहिल्या पाहण्यात बिकट वाटतो; परंतु वंशावळीसाठी संपूर्ण पत्र वाचता येण्याची गरज नसते. गावातली नावे, ‘बिन’, ‘मौजे’, ‘मयत’, अंक आणि महिने एवढे ओळखता आले की फेरफार आणि कोतवाल बुक वाचता येते, आणि एवढी तयारी रोज थोडा वेळ दिल्यास काही आठवड्यांत होते. पैसे देऊन लिप्यंतर करून घेण्यापूर्वी प्रत्येकाने हा प्रयत्न करावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण परक्या वाचकाला आपल्या भावकीतली नावे ठाऊक नसतात आणि तिथेच चुकीचे वाचन होते.

कालगणना स्वतंत्रपणे शिकावी लागते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना माहीत असते. फसली सनात, म्हणजे महसुली वर्षाच्या सनात, 590 किंवा 591 मिळवावे लागतात. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांत असतो: ‘सीत खमसैन मया व अलफ’ म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण 1156, त्यात 599 किंवा 600 मिळवले की 1755-56 हे साल निघते.

वाचनालयाचा उपयोग मला वाटला होता त्याहून वेगळा झाला. तेथे आमच्या घराण्याचे नाव कोठेही सापडले नाही, आणि सामान्य शेतकरी घराण्याने तशी अपेक्षा धरू नये. मिळाले ते कागद कोठे शोधावेत याचे ज्ञान. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा खंड 1885 चा आहे. तो ऑनलाइन उपलब्ध असला तरी संदर्भ विभागात नकाशे पसरून, ग्रंथपालांना विचारत वाचल्यावरच जुन्या तालुक्यांच्या सीमा समजल्या. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले, परंतु औंध आणि फलटण ही संस्थाने 1948 पर्यंत वेगळी होती, त्यामुळे त्या गावांचे आधीचे दप्तर संस्थानचे असते. तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हे तालुके 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा होईपर्यंत साताऱ्यातच होते, आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. सांगलीकरांनी म्हणून जुन्या नोंदींसाठी साताऱ्याकडेही पाहावे. कोयनेच्या जलाशयात ज्यांची गावे गेली त्यांच्यासाठी तर गावाचे जुने नाव, तर्फ (तालुक्याखालचा गावांचा जुना गट) आणि तालुका हीच शोधाची पहिली पायरी आहे.

परदेशी संकेतस्थळांविषयी थोडक्यात लिहितो. फॅमिलीसर्च विनामूल्य आहे आणि त्यावर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा आहेत, पण सातारकरांची तीर्थयात्रा मुख्यतः पंढरपूर आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरची, तेव्हा तेथील तीर्थोपाध्यायांकडे प्रत्यक्ष जाणेच श्रेयस्कर. ज्यांच्या घरातले कोणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले आणि परतले नाहीत, त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीच्या नावाने अवश्य शोध घ्यावा. अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही दिलेले असते, फक्त इंग्रजी स्पेलिंग ओळखण्यापलीकडचे असू शकते. आणि गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून सांगणारा, येत असेल तर त्याची वही आधी ऐकावी. आमच्या भावकीच्या दोन शाखा वेगळ्या कधी झाल्या याविषयी त्याने सांगितलेला क्रम फेरफारांशी जुळला, आणि फेरफारांच्या मागच्या चार पिढ्या आज माझ्याकडे केवळ त्याच्या सांगण्यावरून आहेत. वंशावळीत त्या मी वेगळ्या शाईने लिहिल्या आहेत.

त्या चार पिढ्यांना कागदाचा आधार मिळाला तर तो इनामाच्या किंवा पाहणीच्या कागदांत मिळेल. त्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातील सातारा महाराजांच्या दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहावे लागतील, आणि तेथे अर्ज करताना द्यावयाची गाव, तर्फ आणि फसली सनांची यादी मी सध्या तयार करीत आहे.