कामात बिघडलेला ग्रॅनाइटचा ओटा: दुरुस्तीनंतर पावसाळा, गणपती, दिवाळी

स्वयंपाकघराचं काम शिमग्याच्या सुमारास संपलं आणि ओट्याची दुरुस्ती लगेच करून घेतली. आता दिवाळी होऊन गेली. मधले सगळे महिने हा ओटा दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला वापरलाय, म्हणून ठामपणे लिहिते: टवके उडालेला, तडा गेलेला ग्रॅनाइट उखडून फेकायची गरज बहुतेक वेळा नसते. पण कुठलं नुकसान आधी दुरुस्त करायचं, हे घरच्यांनी ठरवावं. ठेकेदार डोळ्यांना दिसेल तेवढं बुजवतो.

आमचं घर पार्ल्यातल्या जुन्या इमारतीत. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, सासूबाईंनी निवडून आणलेला. तो तसाच ठेवून फक्त भिंतीच्या टाइल्स, पाइप आणि माळा बदलायचा होता. मुंबईच्या स्वयंपाकघरात घोडी उभी करायलाही जागा नसते. कारागीर ओट्यावरच चढतात. टाइल्सची थप्पी तिथेच, मालाचं घमेलं तिथेच. शिवाय सोसायटीत दुपारी ठोकाठोक बंद, संध्याकाळी लवकर आवरायचं, त्यामुळे उरलेल्या वेळात सगळी घाई. ठेकेदाराने ओट्यावर पुठ्ठा अंथरला होता, पण पुठ्ठ्याखाली वाळू शिरली की वर उभ्या माणसाच्या वजनाने ती दगडावर रगडली जाते. काळा ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे बरेच दगड खरं तर गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. त्यांत गारेचा (क्वार्ट्झचा) अंश फार कमी आणि कठीणता मोहस् मोजपट्टीवर साधारण 6. वाळूतली गार 7. ओरखडे उठणारच.

पुठ्ठा काढल्यावर पुढच्या मोल्डिंगला उडालेले टवके सगळ्यांना दिसले. ‘मॅडम, अ‍ॅरल्डाइट भर देंगे, पता भी नहीं चलेगा,’ असं उत्तर मिळालं. टवक्यांबद्दल ते बरोबरही होतं. पण मला काळजी होती सिंकच्या कोपऱ्याची. सिंकसाठी कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, आणि सिंकपुढे दगडाची जेमतेम चार बोटं पट्टी उरते. त्या पट्टीवर माणूस उभा राहिला की तडा नेमका कोपऱ्यातून निघतो. आमच्याकडे तेच झालं होतं.

तडा आहे की दगडातली मूळची रेघ, हे ओळखायला ओल्या फडक्याने ओटा पुसावा. वरचं पाणी सुकलं तरी तड्याची रेघ काही वेळ गडद राहते. नख आडवं फिरवलं की अडकतं. मग बोटाच्या पेराने ठोकत जावं. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खालचा आधार सुटलेला असतो. अंधार करून मोबाइलचा टॉर्च ओट्यावर आडवा ठेवला की ओरखडे आणि निस्तेज डाग आपोआप उठून दिसतात. या सगळ्याचे फोटो मी कारागीर घरात असतानाच काढले. तुम्हीही तेव्हाच काढा.

तिसरं नुकसान अ‍ॅसिडचं, आणि त्याबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात. टाइल्सवरचं सिमेंट काढायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओततात. ग्रॅनाइट ते संगमरवरापेक्षा पुष्कळ सोसतो, तरी लोहयुक्त खनिजं असलेल्या दगडावर तांबूस झाक येऊ शकते आणि चकाकी उतरते. स्टीलच्या सिंकला तर ते फारच वाईट. क्लोराइडमुळे स्टीलवरचा संरक्षक थर फुटतो आणि सुईच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके पडतात. तुमचा ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवरी असेल तर अ‍ॅसिडची बाटली घरात येऊच देऊ नका. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, अ‍ॅसिड पडताच फेसाळतात.

दुरुस्ती आम्ही दगडाचंच काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतली. त्याने आधी खालचा आधार धरला. सिंकपुढच्या पट्टीखाली कडप्प्याची पट्टी चिकटवली, पोकळ जागा भरली, आणि मगच तड्यात पातळ इपॉक्सी (अ‍ॅरल्डाइटच्या जातीचा गोंद) सोडली. या क्रमासाठी मी हट्ट धरला होता. नुसता वरून बुजवलेला तडा पट्टी हलली की पुन्हा उघडतो. टवक्यांत काळा रंग आणि दगडाची भुकटी मिसळलेली इपॉक्सी किंचित उंच भरली, रात्रभर घट्ट होऊ दिली, ब्लेडने तासली आणि घासून कडेशी मिळवली. एका जागी उडालेली कपची मी जपून ठेवली होती, ती जशीच्या तशी बसली. तो सांधा आज हाताला लागत नाही. तुमच्याकडे कपच्या उडाल्या तर आधी त्या कचऱ्याच्या गोणीतून वाचवा. शेवटी डायमंड पॅडनी, पाणी टाकत, जाड्यापासून बारीकापर्यंत घिसाई.

महिन्यांनंतरचा हिशेब असा. भरलेले टवके उत्तम टिकलेत. पावसाळ्याच्या दमटपणात एकही सुटला नाही, फक्त खिडकीच्या उजेडात त्यांची चमक दगडाहून किंचित वेगळी दिसते. तडा जागचा हलला नाही. दर महिन्याला ओल्या फडक्याची तीच परीक्षा करते, रेघ लांबलेली नाही. पॉलिशवर मात्र मी समाधानी नाही. अ‍ॅसिड पडलेला भाग तेव्हा चकाकला, पण गणपतीपर्यंत पुन्हा मंद झाला. कारखान्यातल्या यंत्रासारखी झळाळी हातयंत्राने ओट्याच्या एका तुकड्यावर आणणं फार अवघड असतं. सिंक शेवटी बदललाच.

एक पथ्य कायमचं: भरलेल्या जागी गरम भांडं ठेवायचं नाही. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी साधी इपॉक्सी 50 ते 70 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. गणपतीत मोदकपात्र उतरवायला मी जाड लाकडी पाट वेगळा ठेवला होता.

खर्च नव्या ओट्याच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आला आणि तो ठेकेदाराच्या शेवटच्या हप्त्यातून वळता झाला. ओट्याची पाहणी झाल्याशिवाय हा हप्ता द्यायचा नाही, असं काम सुरू होण्याआधीच कोटेशनवर लिहून सही घेतली होती. वाद झाला तो रकमेवर, जबाबदारीवर नाही. फोटोंपुढे बोलायला जागाच नव्हती. तुमच्याकडे असं लेखी काही नसेल तरी ठेकेदाराचं काम ही सेवाच आहे, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2 वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कामासाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर फोन करून पाहावा.

नवा ओटा घ्या असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. त्यांना मी पट्टीखालचा कडप्पा दाखवते. खलबत्ता मात्र आता सिंकजवळ ठेवत नाही. तो शेगडीच्या पलीकडे हलवलाय, जिथे ओट्याखाली उभ्या फळीचा आधार आहे, आणि नारळही तिथेच फोडते.